बीपीची गोळी आणि वारीचा नेम

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, चिखली येथे हरिपाठानंतर झालेले भाषण)



व्यासपीठावर महाराज मंडळी बसलेली आहेत. समोर विणेकरी, टाळकरी, मृदंगवादक, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माउली आणि गावोगावहून आलेले भाविक आहेत. अशा ठिकाणी औषधाच्या पेटीला बोलायची पाळी येईल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. पण शताब्दी समितीनं आग्रह धरला. म्हणाले, 'दरवर्षी तुम्ही पेटी घेऊन दिंडीसोबत चालता, पायाच्या फोडांना मलम लावता, बीपी मोजता. या वर्षी चार शब्द बोला.' आम्ही म्हणजे पेटी सांभाळणारे तिघं : एक डॉक्टर, एक निवृत्त आरोग्यसेविका आणि एक मेडिकलवाले. माइकवर तोंड एकाचं असलं तरी सांगणं तिघांचं आहे.

कीर्तन करायचा आमचा अधिकार नाही. म्हणून एकच प्रश्न घेतो. मुक्कामावर पेटी उघडली की तो दररोज कानावर येतो.

"डॉक्टरसाहेब, या गोळीनं बीपी मुळातून जाते का?"

"नाही जात, बुवा."

"मंग काहून खायाची? रोग तसाच राह्यते अन् आपण जनमभर गोळ्या खातो!"

प्रश्न अडाणीपणाचा नाही, हे आधी सांगतो. शेतकरी माणूस हराळी वरून कापून समाधान मानत नाही. मूळ खणून काढतो, कारण मूळ राहिलं तर ती पुन्हा फुटणार हे त्याला माहीत असतं. तेव्हा औषधाला हा प्रश्न विचारायचा त्याला पुरा हक्क आहे. चूक प्रश्नात नाही. चूक होते ती आमच्यासारख्यांच्या अर्धवट उत्तरात. तशी एक चूक आमच्या हातून झालेली आहे. ती आज या मंडपात सांगून मग पुढे जातो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच दिंडीतले एक मृदंगवादक. नाव घेत नाही, पण जुन्या मंडळींना कळेल. बीपीची गोळी चार वर्षं चालू होती. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी आम्ही बीपी मोजलं, तर १३०/८० भरलं. ते खूश झाले. म्हणाले, "आता तर बरोबर आलं. गोळी मूळ काढत नाही असं तुम्हीच म्हणता, अन् बीपी तर उतरलं. मग आता बंद करू का?" तेव्हा पेटीसमोर रांग होती, पाऊस भुरभुरत होता. आम्ही म्हणालो, "वारीत चालणं होईलच, आल्यावर पाहू."

'आल्यावर पाहू' याचा अर्थ आमच्या मनात होता, 'गोळी चालू ठेवा, बंद करायचं की नाही ते आल्यावर पाहू.' त्यांनी ऐकलं, 'आता बंद करा, आल्यावर पाहू.' दोष त्यांचा नाही. आम्ही बोललोच तसं.

देऊळगाव राजा, जालना, अंबड, बीड असे मुक्काम करत दिंडी पंढरीला पोचली. वाटेत त्यांना काहीही झालं नाही. डोकं दुखलं नाही, चक्कर आली नाही, उलट अंग हलकं वाटत होतं. वाळवंटात असा मृदंग वाजवला की लोक उभे राहून ऐकत होते. गावी परत आले. पेरणीनंतरची कामं सुरू झाली, बीपी पाहायचं राहून गेलं. श्रावणात एका सकाळी गोठ्यात वाकले आणि उजवा हात उचलेना. तोंड वाकडं झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा वरचं बीपी दोनशेच्या पुढे होतं.

आज त्यांचा मुलगा मृदंग वाजवतो. ते शेजारी बसतात आणि डाव्या हातानं मांडीवर ठेका धरतात. मुलाचा हात चुकला की मान हलवून सांगतात. गोळी चालू असती तर हे झालंच नसतं, असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. पण धोका कितीतरी कमी झाला असता, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून त्या दिवशी जे नीट बोललो नाही, ते आज नीट बोलतो.

आधी मूळ म्हणजे काय ते पाहू. बीपी म्हणजे रक्तदाब, रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर रक्ताचा पडणारा दाब. शांत बसवून, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याच्या वर भरत राहिला, तर बीपी वाढलंय असं म्हणतात. आता हा दाब का वाढतो? दर शंभर बीपीवाल्यांत नव्वदाहून जास्त लोकांत एकच असं बोट दाखवण्यासारखं कारण सापडत नाही. आईबापाकडून आलेला गुण असतो. वय वाढलं की रक्तवाहिन्या ताठर होतात. मूत्रपिंडाची मीठ बाहेर टाकायची ताकद कमी पडते. त्यात ताटातलं मीठ जास्त, वजन जास्त, अंगमेहनत कमी, दारू, अपुरी झोप, असं एकावर एक चढतं. हराळीला मूळ तरी दिसतं. हे मात्र दोरखंडासारखं आहे, दहा धागे एकत्र पिळलेले. त्यातला कोणता धागा ओढला म्हणजे दोर सुटेल, हे कुणाला दाखवता येत नाही.

उरलेल्या थोड्या लोकांत मात्र कारण सापडतं. मूत्रपिंडाचा आजार, मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद होणं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली गाठ, थायरॉइडचा बिघाड, झोपेत घोरता घोरता श्वास अडणं, किंवा एखादं दुसरंच औषध. अशा माणसाच्या खरोखर मुळावर इलाज करता येतो आणि काहींचं बीपी त्यानं पूर्ण उतरतंसुद्धा. म्हणून तिशीच्या आतच बीपी वाढलं, एकाएकी फार वाढलं, तीन-तीन गोळ्या खाऊनही उतरेना, लघवीत फेस किंवा अंगावर सूज दिसली, तर डॉक्टरांना आपण होऊन विचारायचं, 'माझ्या बीपीला दुसरं काही कारण आहे का, ते तपासता का?' असं विचारण्यात कमीपणा नाही.

आता गोळी नेमकं काय करते? आपल्याकडे बहुतेकांच्या पिशवीत तीनपैकी एखादी गोळी असते. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते, वाट रुंद होते आणि दाब उतरतो. टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल शरीरातल्या एका रसायनाचं काम अडवतं. ते रसायन वाहिन्या आवळतं आणि अंगात मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. तिसरी लघवीची गोळी, क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड. ती जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे काढते. म्हणजे गोळी अगदी वरवरची मलमपट्टी करते असंही नाही. दाब ज्या वाटेनं वाढतो त्या वाटेवर ती उभी राहते. पण वय, आनुवंशिकता, ताटातलं मीठ यांना ती हात लावत नाही. जोवर ती उभी आहे तोवर दाब अडतो. ती हटली की काही दिवसांत दाब पुन्हा आपल्या जागी येतो.

ॲम्लोडिपिनचं आणखी एक आहे. ती अंगातून हळूहळू उतरते. आज सोडली म्हणून उद्या दाब चढत नाही, चार-सहा दिवस तिचा असर राहतो. त्यामुळे माणूस म्हणतो, 'पाहा, सोडली तरी काही झालं नाही.' फसगत होते ती इथेच. बीपी बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. गोळी खाल्ली तरी काही वाटत नाही आणि सोडली तरी काही वाटत नाही. 'मला काही होत नाही' हा बीपीत पुरावा धरता येत नाही. यंत्र काय म्हणतं तो पुरावा.

शेतातली पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा. विहिरीवरची मोटार जास्त दाबानं पाणी फेकते आणि पाइपाचे जोड सुटायला लागतात. मोटार बदलणं तुमच्या हातात नाही. तुम्ही जादा दाब सोडून देणारा व्हॉल बसवता. व्हॉलनं मोटार दुरुस्त झाली का? नाही. पण पाइप वाचला आणि पीक भिजलं. बीपीत हा पाइप म्हणजे मेंदूची, हृदयाची, मूत्रपिंडाची आणि डोळ्यांची रक्तवाहिनी. गोळी द्यायची ती या चार जागा वाचवण्यासाठी. यंत्रावरचा आकडा सुंदर दिसावा म्हणून कुणी गोळी देत नाही.

आज दिंडीची शंभर वर्षं आपण मोजतोय, म्हणून या शंभर वर्षांत बीपीचं काय झालं तेही थोडं सांगतो. आपले वाडवडील पहिल्यांदा पताका घेऊन निघाले, तेव्हा बीपी मोजायची रीत जगात आलेली होती. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र १८९६ साली इटलीत निघालं आणि नळीनं आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा काढायची रीत १९०५ साली रशियातल्या कोरोटकॉफ यांनी दाखवली. मोजता येत होतं, पण उतरवायला नीट औषध नव्हतं. मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणत, की वय झालं, वाहिन्या आवळल्या, तर रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागणारच. तो शरीराला आवश्यक आहे, त्याला हात लावू नका. कारण न सापडणाऱ्या बीपीला इंग्रजीत 'इसेन्शियल' हायपरटेन्शन म्हणतात, म्हणजे आवश्यक. ते नाव अजून चालू आहे.

त्या समजुतीची किंमत मोठमोठ्यांनी मोजली. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट दुसऱ्या महायुद्धात जगाचा कारभार हाकत होते आणि त्यांचं बीपी वर्षानुवर्षं चढत होतं. हाताशी उत्तम डॉक्टर होते. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, यापलीकडे त्यांना फार काही देता आलं नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी त्यांचं बीपी ३००/१९० होतं. आज आपल्या उपकेंद्रात फुकट मिळणारी गोळी तेव्हा जगातल्या सर्वात बलाढ्य माणसालाही मिळत नव्हती.

त्यानंतर चारच वर्षांनी एक मोठं काम झालं आणि ते आपल्या मुंबईत झालं. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या देशातल्या सर्पगंधा या वनस्पतीची मुळी बीपीच्या रुग्णांना देऊन, मोजमाप ठेवून, १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात निबंध लिहिला. सगळ्या जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पीन हे औषध वेगळं काढलं गेलं. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

हे मुद्दाम सांगितलं, कारण पुष्कळ लोक आम्हाला म्हणतात, 'ॲलोपॅथी वरवरची. जडीबुटी मुळावर काम करते.' अहो, सर्पगंधा म्हणजे साक्षात मुळीच. पण तीसुद्धा घेत असेपर्यंतच दाब उतरवते. बंद केली की दाब परत. मुळीपासून काढलेल्या औषधानंही बीपीचं मूळ गेलं नाही. आणि कुणाचं ऐकून सर्पगंधाची मुळी घरी उगाळून पिऊ नका. तिनं दाब एकदम पडतो, मनाला खोल उदासी येते. म्हणून डॉक्टरही आता रेसर्पीन फारसं वापरत नाहीत.

आता खरा प्रश्न. मूळ न काढता नुसता दाब उतरवला, तर माणूस वाचतो का? ते १९६७ साली अमेरिकेत पाहिलं गेलं. डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांतले १४३ पुरुष घेतले. खालचं बीपी ११५ ते १२९, म्हणजे फारच जास्त. निम्म्यांना खरी औषधं दिली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. खऱ्या औषधांत एक आपलं सर्पगंधाचं रेसर्पीन होतं. औषध नसलेल्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला. कुणाला मेंदूचा, कुणाला हृदयाचा, काही दगावले. औषधाच्या गटात असे फक्त २ निघाले. इतका फरक दिसल्यावर ती चाचणी पुढे चालू ठेवणं योग्य वाटेना. त्यांतल्या एकाचंही मूळ कुणी काढलेलं नव्हतं. फक्त दाब उतरवला होता.

पुढे अशा कितीतरी चाचण्या झाल्या. २०१६ साली लाखो लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला. वरचं बीपी १० नं उतरलं, तर लकव्याचा धोका साधारण चौथ्या हिश्शानं कमी होतो, हृदय थकण्याचाही जवळजवळ तेवढाच, आणि एकूण मृत्यूही कमी होतात. म्हणून 'मूळ जात नाही, मग गोळी काहून खायाची?' याचं आमचं उत्तर असं : मूळ जात नाही हे खरं, पण मुळामुळे होणारा घात टळतो. आणि माणसाला मारतो तो घात.

मग मुळाकडे बघायचंच नाही का? बघायचं, आणि तिथे तुमच्याशिवाय दुसरा कुणी वैद्य नाही.

पहिलं मीठ. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, याच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खाल्लं जातं. ताटात वरून घेतलेलं, ठेच्यातलं, लोणच्यातलं, पापड-कुरडईतलं, शेव-फरसाणातलं सगळं त्यात आलं. एकादशीला तर आपण म्हणतो 'आज उपवास', आणि खारे शेंगदाणे, वेफर्स, साबुदाण्याची खिचडी यांतून रोजच्यापेक्षा जास्त मीठ पोटात जातं. सैंधव चालतं, असंही सांगतात. उपवासाला चालतं, पण बीपीला नाही. तेही मीठच.

चीनमध्ये ६०० खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला, २०२१ साली त्याचे आकडे आले. जवळपास २१ हजार माणसं. त्यांतल्या निम्म्या गावांत साध्या मिठाऐवजी सोडियम कमी आणि पोटॅशियम घातलेलं मीठ वापरलं. पाच वर्षांत त्या गावांत लकवा १४ टक्क्यांनी कमी झाला. पण ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे, किंवा जे टेल्मिसार्टन-एनालाप्रिल घेतात, त्यांनी असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. अंगात पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो. साधं मीठ कमी करायला मात्र कुणाला विचारावं लागत नाही.

दुसरं वजन. जादा वजनाच्या माणसाचं एक किलो उतरलं की वरचं बीपी साधारण एकानं उतरतं. तिसरं दारू. माळकऱ्यानं माळ घातली तेव्हाच ती सोडली. बीपीपुरतं बोलायचं तर माळेचा हा उपकार फार मोठा आहे. चौथं तंबाखू. इथे मात्र आम्हाला थोडं कडू बोलावं लागतं. गळ्यात माळ आणि बंडीच्या खिशात चुना-तंबाखूची डबी, हे आम्ही दरवर्षी पाहतो. काही मायबहिणी दातांना मिश्री लावतात. तंबाखूनं बीपी तेवढ्यापुरतं चढतं आणि रक्तवाहिन्या आतून खराब होतात. दाबाचा जो घात सांगितला, त्यालाच तंबाखू हातभार लावते.

पाचवं चालणं. त्यात तर आपण राजे आहोत. महिनाभर चालून कितीतरी जणांचं बीपी खाली आलेलं आम्ही आमच्या वहीत लिहून ठेवलंय. पण घरी गेल्यावर दोन-तीन महिन्यांत आकडा परत चढतो, तेही त्याच वहीत आहे. आणि आमच्या मृदंगवाल्या बुवांच्या गोष्टीत आम्हाला उशिरा कळलं ते हेच. चालण्यानं, मीठ कमी केल्यानं बीपी उतरतं, पण तेही चालत असेपर्यंतच, मीठ कमी असेपर्यंतच. म्हणजे ज्याला आपण मुळावरचा इलाज म्हणतो, तोही एकदा करून मोकळं व्हायचा नाही. तोही गोळीसारखाच रोजचा.

वारकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पंढरीला एकदा गेलो, आता वारी संपली, असं कुणी म्हणतं का? आषाढी झाली की कार्तिकीची वाट पाहतो. हरिपाठ काल म्हटला म्हणून आज चुकवत नाही. ज्याचं मूळ एका दिवसात निघत नाही, त्याला आपल्या संप्रदायात नेम हाच उपाय सांगितलाय. बीपीलाही तोच लागू पडतो. गोळीचा नेम, मिठाचा नेम, चालण्याचा नेम. एकानं दुसऱ्याची सुट्टी होत नाही. ज्यांनी वजन उतरवलं, मीठ कमी केलं, वर्षभर चालणं ठेवलं, त्यांतल्या काहींची गोळी कमी होते, क्वचित बंदही होते. पण ती डॉक्टरांनी हळूहळू कमी करायची, पुढे बीपी मोजत राहायचं. आपल्या मनानं नाही. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी तर एकदम तोडली तर छातीत दुखण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

'गोळीची सवय लागते' अशी भीती असते. सवय लागत नाही. आजार राहतो म्हणून गोळी राहते. 'गोळीनं किडनी जाते' असंही कानावर येतं. किडनी बिघडवतं ते चढलेलं बीपी. वर्षातून एकदा, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा, रक्त-लघवी तपासून घेतली की शंका राहत नाही. गोळीला त्रास नसतो असं आम्ही म्हणत नाही. ॲम्लोडिपिननं घोट्याला सूज येते आणि वारीत माणूस म्हणतो, चालून आली. एनालाप्रिलनं कोरडा खोकला येतो. त्रास झाला तर गोळी बदलून मिळते. सांगा, पण परस्पर सोडू नका.

आता येत्या वारीसाठी पेटीवाल्यांची विनंती. महिन्याच्या गोळ्या आणि वर आठ दिवसांच्या जादा घ्या. अर्ध्या स्वतःजवळ, अर्ध्या ट्रकमधल्या पिशवीत, दोन्ही प्लॅस्टिकमध्ये बांधून. गोळीचं नाव कागदावर लिहून ठेवा. 'पांढरी गोल गोळी' एवढ्यावर आम्हाला काही उमगत नाही. रोज ठरलेल्या वेळी घ्या, सकाळच्या काकड्याला किंवा संध्याकाळच्या हरिपाठाला. एकादशीलाही घ्या, औषधानं उपवास मोडत नाही. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्रुफेनच्या गोळ्या मनानं खाऊ नका. त्यांनी बीपी चढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. उलट्या-जुलाब लागले, तर ओआरएस घ्या आणि लगेच आमच्याकडे या. त्या एक-दोन दिवसांत लघवीची गोळी किंवा टेल्मिसार्टन थांबवायची का, ते डॉक्टर ठरवतील. आणि बीपी मोजायचं ते चालून आल्या आल्या नाही. पाच मिनिटं टेकून बसा, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या.

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय गळाला, बोलणं अडखळलं, तर अंगारा लावत, मालिश करत बसू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचं सीटी स्कॅन लागतं. गावातून निघून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंतच त्यातला बराच वेळ जातो.

सरकारच्या २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत, देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांत शंभरात २४ आणि बायांत २१ जणांचं बीपी वाढलेलं किंवा औषध चालू असलेलं आढळलं. या मंडपातलीच माणसं मोजून पाहा, दर चार-पाचांत एक. त्यातल्या किती तरी जणांनी अजून दंडाला पट्टा बांधलेला नाही. आपल्या राज्यात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत काही वर्षांपूर्वी सरकारनं बीपीच्या मोहिमेची सुरुवात केली. तिची रीत साधी : ठरलेल्या गोळ्या, महिन्याभराची पुडी एकदम, नाव नोंदवलेलं कार्ड, आणि जो आला नाही त्याची चौकशी. गोळी कोणती, यापेक्षा माणूस दर महिन्याला परत येतो का, यावर सगळं यश अवलंबून असतं. चौकशीचं ते काम दिंडीला नवं नाही. मुक्कामावर एक माणूस कमी दिसला तर चोपदार विचारतोच.

म्हणून शताब्दीनिमित्त आम्ही एक करायचं ठरवलंय. वारीच्या महिन्यापुरतं नाही, तर दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला, भजनाच्या आधी, इथे चिखलीत पेटी उघडी राहील. बीपी मोजू, वहीत लिहू. जो आला नाही त्याच्या घरी निरोप जाईल. आणि कुणी विचारलं 'बंद करू का?' तर 'आल्यावर पाहू' असं आम्ही म्हणणार नाही. 'चालू ठेवा' किंवा 'डॉक्टरांकडे चला' असं सरळ सांगू.

वही सांभाळायला मृदंगवाले बुवा तयार झालेत. डाव्या हातानं लिहायला ते शिकले आहेत. अक्षर थोडं वाकडं येतं, पण आकडा स्पष्ट असतो. परवा आम्ही त्यांचं बीपी मोजलं, त्यांनीच ते वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं : १२८/८०. आणि पुढे, कुणी न सांगता लिहिलं, 'गोळी चालू.'

रामकृष्ण हरी.